एक मिलिमीटर म्हणजे बत्तीस: मिग-२१ चं मोठं मॉडेल बांधताना

नाशिकच्या माणसाला मिगचा आवाज ओळखायला शिकवावा लागत नाही. ओझरचा हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ मध्ये उभा राहिला तो मिग-२१ बनवण्यासाठीच, आणि भारतात सहाशेहून अधिक मिग-२१ तयार झाली. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये हवाई दलाने या विमानाला निरोप दिला. तेव्हापासून मला एकच प्रश्न वारंवार विचारला जातो: "मिगचं मोठं मॉडेल करायचंय, सुरुवात कुठून करू?" लहान मॉडेल केलेली मंडळीच बहुधा हे विचारतात. त्यांना १/७२ (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) जमलेलं असतं आणि १/३२ म्हणजे तेच काम थोडं मोठ्या आकारात, असा त्यांचा समज असतो. तसं नाही. लहान मॉडेलमध्ये जे दिसतच नव्हतं, ते इथे दिसतं. म्हणून सगळा खटाटोप.

आधी हिशोब करू. १/३२ हा आकडा विचित्र वाटतो, पण सुताराला विचारा: एक फूट म्हणजे तीन सूत. फूट-इंचाच्या जगातून आलेलं हे प्रमाण आहे. आपल्याला मात्र एवढंच लक्षात ठेवायचं की मॉडेलवरचा १ मिमी म्हणजे खऱ्या विमानावरचे ३२ मिमी. मिग-२१ च्या एमएफ प्रकाराचे पंख टोकापासून टोकापर्यंत ७.१५ मीटर, म्हणजे मॉडेलवर २२ सेंमीहून थोडे जास्त. नाकावरच्या लांब नळीसह लांबी १५.७६ मीटर, म्हणजे ४९ सेंमी. किट, म्हणजे प्लास्टिकच्या सुट्या भागांचा संच, मागवण्याआधी शोकेसची फळी मोजा. मी मोजली नव्हती.

हा हिशोब कामभर हाताशी ठेवा. किटमधल्या चाकाच्या झाकणाची कड १ मिमी जाड असेल, तर ती खऱ्या विमानावर ३२ मिमी जाडीचा पत्रा ठरते. असं विमान उडणार नाही. पत्र्यांच्या सांध्याची कोरलेली रेघ ०.२ मिमी रुंद असली, तरी ती जवळजवळ साडेसहा मिलिमीटरची फट झाली. तोफेचा व्यास २३ मिमी, म्हणून तोंडाचं भोक ०.७ मिमीच्या ड्रिलने पाडायचं. मुख्य चाक ८०० मिमीचं, म्हणून मॉडेलवर बरोबर २५. कुठे मेहनत घ्यायची आणि कुठे सोडून द्यायची, हे ठरवताना कुणाच्याही सल्ल्यापेक्षा हा भागाकार जास्त उपयोगी पडतो.

कोणतं मिग?

"मिग-२१" असं एक विमान नाही. ट्रम्पेटर कंपनीचं १/३२ किट एमएफ प्रकाराचं आहे. १९७१ च्या डिसेंबरमध्ये ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर गेलेली आपली मिग एफएल प्रकाराची होती. एमएफवर १९७१ ची चिन्हं लावली की ओळखणाऱ्याला दुरूनच कळतं. पाठीचा कणा एमएफवर जाड, एफएलवर बारीक. एमएफच्या पंखांखाली शस्त्रं टांगायचे चार खांब, एफएलच्या दोन. एमएफच्या पोटात जीएसएच-२३ तोफ कायमची बसवलेली. सगळ्यात सोपी खूण म्हणजे नाकावरची, हवेतला वेग मोजायची पिटो नळी. सुरुवातीच्या एफ-१३ वर ती नाकाच्या खाली होती, एफएलवर नाकाच्या वर मधोमध आली, आणि एम, एमएफ आणि बिस या नंतरच्या प्रकारांवर वरच राहून उजवीकडे सरकली.

ओझरला १९७३ पासून जे तयार झालं ते एम. एम आणि एमएफमधला मोठा फरक इंजिनाचा, तोही आत. त्यामुळे एमएफच्या किटमधून भारतीय एम करणं सरळ आहे. फक्त एक पथ्य पाळा: "भारतीय मिग" करू नका, एक ठरावीक क्रमांकाचं विमान निवडा आणि त्याचा शक्यतो दोन्ही बाजूंचा फोटो मिळवा. कॅनॉपीवर (कॉकपिटवरच्या काचेवर) मागचं दाखवणारी पेरिस्कोपची उंचवटी आहे का, खांबांवर काय टांगलंय, शेपटीजवळचा पत्रा किती काळवंडलाय, ही उत्तरं फोटोच देतो.

चौकात किंवा संस्थेच्या फाटकाशी चौथऱ्यावर ठेवलेलं मिग जवळ असेल तर जरूर बघा, पण रंगासाठी नाही. अशी विमानं ऑइलपेंटने अनेकदा रंगवलेली असतात. चंदेरी म्हणजे नुसता चंदेरी डबा. आकार, झाकणांचे कोन, चाकांच्या कप्प्यातल्या नळ्या, टायरवरचं पाणी कापणारं नक्षीकाम यांचे फोटो काढा. तिथे नसलेल्या गोष्टीही टिपून घ्या, कारण मांडून ठेवलेल्या विमानातून बरंच काही काढलेलं असतं.

हत्यारं, थोडक्यात

रंग फवारायचा ०.३ मिमी नोझलचा एअरब्रश, टाकी असलेला कॉम्प्रेसर, चांगलं कटर, धारदार पात्यांचा चाकू, बारीक टोकाचा चिमटा, हाताने फिरवायचा ड्रिल आणि ४०० पासून ३००० पर्यंतचे वॉटर पेपर. एवढ्यात काम होतं. बाकीचं आपल्या आसपास मिळतं: बारीक सोल्डर तार, जुन्या इअरफोनमधली तांब्याची तार, औषधाच्या पाकिटाची पन्नी, जुनी एक्स-रे फिल्म, गळाला लावायची शिसं आणि मेडिकलमधून इंजेक्शनच्या कोऱ्या सुया. सुयांचं पुढे सांगतो. लॅकर फवारताना मास्क म्हणजे कापडी नव्हे, रसायनांच्या वाफा अडवणाऱ्या कार्ट्रिजचा. खिडकी उघडी ठेवून भागत नाही.

कॉकपिट

सूचनापत्रिकेतल्या पहिल्याच पायरीला गोंद लावायची घाई करू नका. आधी कॉकपिट, चाकांचे कप्पे, धडाचे दोन्ही अर्धे भाग आणि पंख नुसते टेपने जोडून पाहा. कुठे फट पडते, कुठे आतला भाग जाड असल्याने धड बंद होत नाही, हे आत्ताच कळलं पाहिजे. रंगवून झाल्यावर कळलं तर रडू येतं.

सोव्हिएत कॉकपिटचा तो निळसर हिरवा रंग सगळ्यांना आवडतो आणि सगळेच तो भडक लावतात. थोडा पांढरा मिसळून फिका करा, कारण लहान जागेतला गडद रंग आणखी गडद दिसतो. आधी काळा प्रायमर, त्यावर हिरवा वरच्या दिशेने फवारला की कोपऱ्यांत सावली आपोआप राहते. वाळल्यावर तेलरंगाचा पातळ तपकिरी हात फिरवा आणि उंचवट्यांवरून कोरड्या ब्रशने फिका रंग घासा.

मीटरांच्या पट्टीसाठी किटमधला एकसंध डेकल (पाण्यात भिजवून सरकवायचं छापील चित्र) तसाच चिकटवू नका. प्रत्येक तबकडी गोल कापून वेगळी बसवा आणि वाळल्यावर तिच्यावर ग्लॉस वॉर्निशचा एकेक थेंब सोडा. काच तयार. पट्टीच्या मधून खाली उतरणारी पांढरी उभी रेघ विसरू नका. विमान गिरक्या घेऊ लागलं की वैमानिकाने दांडा त्या रेघेशी आणायचा, म्हणजे तो मधोमध आला. मॉडेलवर ती एक रेघ दिसली की कॉकपिट एकदम सोव्हिएत वाटायला लागतं.

सगळ्यात जास्त वेळ आसनाला द्या. एम आणि एमएफमध्ये केएम-१ आसन आहे आणि कॅनॉपी उजवीकडे उघडते. ती उघडी ठेवली की बघणाऱ्याची पहिली नजर आसनावरच पडते. पट्टे प्लास्टिकचे असतील तर खरवडून टाका. औषधाच्या पन्नीचे साधारण दीड मिलिमीटर रुंदीचे काप करा, बारीक तारेची बकलं वळवा, पट्टे आसनावर सैल पडू द्या आणि मग रंगवा. ताठ पट्टा म्हणजे रिकाम्या आसनावर न दिसणारा वैमानिक बसलाय असं वाटतं. बाजूच्या कन्सोलवरच्या वायरी मी मोजून लावत नाही. चार-पाच वायरी मागे जाताना दिसल्या की पुरे.

मोठ्या किटमध्ये कधी कधी सगळं इंजिन येतं. ते बाहेर स्टँडवर मांडणार असाल तर मनापासून रंगवा. धडात बंद करणार असाल तर टर्बाइनच्या पुढचं सोडून द्या. मी एकदा तीन आठवडे इंजिन रंगवलं आणि मग धड चिकटवलं. आता ते इंजिन फक्त मला ठाऊक आहे. मागून आत डोकावल्यावर आफ्टरबर्नरची (जादा जोरासाठी मागे इंधन जाळणाऱ्या भागाची) कडी आणि जळक्या पोलादाची नळी दिसते, तेवढंच काम करा.

धड बंद करण्याआधी

मिगची मुख्य चाकं बरीच पुढे आहेत आणि मागे शेपटीचा पसारा. नाकात वजन न घालता उभं केलं तर मॉडेल शेपटीवर बसतं. सगळे भाग टेपने जोडा, मुख्य चाकांच्या जागी दोन बोटांवर तोला आणि नाक खाली झुकेपर्यंत वजन वाढवा. मग वर थोडं जास्त घाला. जागा म्हणजे नाकातला टोकदार कोन, ज्यात खऱ्या विमानात रडार असतं. शिसं बसवायला फेव्हिकॉल वापरू नका. पांढऱ्या गोंदाशी शिशाची सावकाश प्रक्रिया होऊन ते फुगतं आणि काही वर्षांनी मॉडेल आतून तडकतं. अरल्डाइटसारखा इपॉक्सी वापरा.

सांध्याला पातळ प्लास्टिक गोंद लावा आणि दाबून धरा. वितळलेल्या प्लास्टिकची बारीक कड सांध्यावर उमटली पाहिजे. दोन दिवस हात लावू नका. मग चाकूच्या पात्याने ती कड आडवी खरवडा आणि ओल्या ४०० ने सुरुवात करून १००० पर्यंत घोटा. खड्डा राहिला तर गॅरेजवाल्यासारखी लांबी (पुट्टी) भरा, पण चंदेरी विमानावर लांबी जितकी कमी तितकं बरं. तिचा पोत प्लास्टिकपेक्षा वेगळा असतो आणि धातूच्या रंगाखाली तो उघडा पडतो. अशा जागी मी काळा इन्स्टंट ग्लू भरतो आणि तासाभरात घासतो. रात्रभर ठेवला तर तो प्लास्टिकपेक्षा कडक होतो.

पंख लावताना आणखी एक सवय मोडावी लागते. आपण पंख सरळ किंवा किंचित वर उचललेला लावतो. मिगचे पंख २ अंश खाली झुकलेले असतात. मॉडेलवर पंखाचं टोक मुळापेक्षा साधारण ३ मिमी खाली आलं पाहिजे. पुठ्ठ्याचा साचा कापा, पंख त्यावर टेकवा आणि गोंद पूर्ण सुकेपर्यंत हलवू नका. हे तीन मिलिमीटर चुकले तर बाकी सगळं बरोबर असूनही मॉडेल मिगसारखं दिसत नाही, आणि का ते सांगता येत नाही.

चाकं, झाकणं, नळ्या

भागाकार इथे खूप उपयोगी पडतो. चाकांच्या झाकणांच्या कडा आतून तिरप्या घासून धारेसारख्या करा. मधे जाड राहिलं तरी चालतं, नजर कडेवरच जाते. पायांवरच्या ब्रेकच्या नळ्यांसाठी ०.३ मिमीची सोल्डर तार म्हणजे जवळजवळ १० मिमीची नळी. दाखवायला योग्य. ०.५ घेतली तर पाण्याचा पाइप दिसतो. नळ्या पायाला पन्नीच्या अरुंद पट्ट्यांनी बांधा, खऱ्या विमानात असतात तशा.

किटमध्ये रबरी टायर असतील तर सावध राहा. मऊ रबराची प्लास्टिकच्या चाकाशी वर्षानुवर्षं प्रक्रिया होऊन चाक वितळू लागतं. चाकाला आतून लॅकरचा थर द्या किंवा रेझिनची चाकं घ्या. कठीण टायर असेल तर जमिनीला टेकणारा भाग कानशीने अर्धा मिलिमीटर सपाट करा, म्हणजे विमानाचं वजन दिसतं. चाकांच्या मधल्या तबकड्या चक्क हिरव्या असतात, टायर काळा नव्हे तर धुळीचा राखाडी.

सुयांची पिटो नळी

किटमधली प्लास्टिकची नळी वाकते, मोडते आणि तिचा सांधा कितीही घासा, पूर्ण गोल होत नाही. मेडिकलमधून १८, २१ आणि २६ नंबरच्या कोऱ्या सुया आणा. १८ ची आतली पोकळी ०.८४ मिमी आणि २१ ची बाहेरची जाडी ०.८२, त्यामुळे एक दुसरीत घट्ट सरकते. २१ मध्ये २६ नंबरची तशीच बसते. तीन टप्प्यांत बारीक होत जाणारी स्टीलची नळी तयार. रोटरी हत्याराच्या चकतीने तुकडे पाडा, डोळ्यांवर चष्मा हवाच. लांबी फोटोवरून ठरवा. नळीवरची छोटी पाती प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून कापून इन्स्टंट ग्लूने चिकटवा. आता ही नळी डबीत ठेवून द्या. ती लावायची सगळ्यात शेवटी.

पत्र्याचं कातडं

खरी परीक्षा इथे आहे. हिरवा-तपकिरी कॅमोफ्लाज बऱ्याच चुका झाकतो, उघडा पत्रा काहीच झाकत नाही.

प्रायमर मारण्याआधी सगळं मॉडेल ओल्या २००० आणि मग ३००० ने घोटा. राखाडी प्रायमर फवारा, दिव्याखाली तिरपं धरून बघा, ओरखडा दिसला की परत घासा. हे तीनदा तरी होतं. मग भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन वाळवा आणि इथून पुढे हातमोजे घाला. माझ्या पहिल्या मिगवर मी धुवायचा कंटाळा केला होता. चंदेरी थर सुंदर बसला. शेपटीजवळचा गडद भाग रंगवायला टेप लावली, आणि टेपेबरोबर एवढा मोठा पापुद्रा निघाला. त्याच्या आतल्या बाजूला माझ्या अंगठ्याचा ठसा स्पष्ट होता. तेलकट बोट प्रायमरच्या खाली राहिलं होतं.

आपल्याकडे दुसरा शत्रू म्हणजे पावसाळा. लॅकरमधलं द्रावण भराभर उडतं तेव्हा पृष्ठभाग थंड होतो, हवेतला ओलावा त्यावर धरतो आणि रंगावर पांढुरका धुरळा येतो. जून ते सप्टेंबर नाशिकमध्येही हे होतं, कोकणात तर विचारूच नका. सावकाश उडणारा थिनर वापरा आणि कोरड्या दिवशी दुपारी काम करा. मी पावसाळ्यात आसनं आणि चाकं करतो, कातडं दिवाळीनंतर.

धातूच्या रंगासाठी तळाला ग्लॉस काळा लागतो असं सर्रास सांगितलं जातं. आरशासारख्या चमकेसाठी ते खरं आहे. मिग तसं चमकत नाही. पत्र्यावर वॉर्निशचा थर, त्यावर वर्षानुवर्षांचं ऊन आणि तेलकट हात. मी गडद राखाडी सेमी-ग्लॉस तळ देतो. ॲलक्लाडसारखा लॅकरचा धातू रंग पातळच येतो. १२ ते १५ पीएसआय दाबावर, पाच-सहा सेंमीवरून, ओला न करता अनेक पातळ थर द्या.

एकाच चंदेरी रंगाचं विमान भांड्यासारखं दिसतं. फोटो समोर ठेवून पत्र्यांचे तुकडे वेगळे करा. मूळ ॲल्युमिनियममध्ये एक थेंब गडद, दुसऱ्या वाटीत एक थेंब पांढरा, असे तीन-चार छटांचे पेले करा. टेप आधी पँटवर चिकटवून तिचा चिकटपणा कमी करून घ्या. दोन शेजारच्या पत्र्यांत फरक इतकाच ठेवा की विमान फिरवल्यावरच दिसेल. तोफेच्या तोंडाजवळचे उष्णता सोसणारे पत्रे गडद, नोझलच्या आधीचा शेवटचा पट्टा पोलादी, आणि त्यावर तपकिरी आणि निळ्या पारदर्शक रंगाचे अगदी धूसर पट्टे. निळा दिसला म्हणजे जास्त झाला. शेपटीच्या टोकाचा आणि नाकातल्या कोनाचा हिरवा धातूचे सगळे थर संपल्यावर.

शेवटच्या ग्लॉस वॉर्निशमध्ये मी पारदर्शक पिवळ्याचा एक थेंब टाकतो. जुनं वॉर्निश पिवळं पडतं, आणि तेवढ्या एका थेंबाने नव्या कोऱ्या डब्याचं वयस्क विमान होतं. सगळ्या वर्षभराच्या कामात मला सर्वांत आवडणारा हाच क्षण.

चिन्हं आणि मळ

हवाई दलाच्या गोल चिन्हात केशरी बाहेर, हिरवा आत. शेपटीवरच्या पट्ट्यात केशरी पुढच्या बाजूला. क्रमांक सी अक्षराने सुरू होतो. डेकल कोमट पाण्यात सोडून ग्लॉस पृष्ठभागावर सरकवा, वर मऊ करणारं द्रावण लावा. सुरकुती आली तर घाबरून हात लावू नका, वाळताना ती बसते. रेघांवर डेकल ताणला गेला असेल तर नव्या पात्याने रेघेवरून हलकेच कापून पुन्हा द्रावण लावा. बारीक सूचनांचे डेकल ढिगाने असतात. कंटाळा आला तरी सगळे लावा, मोठ्या मॉडेलवर मोकळा पंख अपुरा वाटतो.

रेघांमध्ये शुद्ध काळा सोडू नका. राखाडीत तपकिरी मिसळलेला तेलरंग पातळ करून सोडा आणि अर्ध्या तासाने हवेच्या दिशेने पुसा. वरून विमान स्वच्छ ठेवा, घाण पोटाखाली: तोफेमागे काजळीचा फिका फराटा, झाकणांच्या कडांतून मागे गेलेले तेलाचे ओघळ, शेपटीत पॅराशूटच्या डब्याभोवती धूर. फोटोत नसलेला एकही डाग लावायचा नाही, हा माझा नियम मी दर वेळी थोडासा मोडतो.

पारदर्शक भाग इन्स्टंट ग्लूपासून लांब ठेवा, त्याच्या वाफेने काच धुरकट होते. इथे फेव्हिकॉल उत्तम. के-१३ क्षेपणास्त्रांच्या टोकावर चकचकीत काळा थेंब द्या, तो त्यांचा डोळा. मग कॅनॉपी, अँटेना आणि डबीत ठेवलेली पिटो नळी, या क्रमाने.

मॉडेल काचेच्या पेटीतच ठेवा. माझ्या पहिल्या मिगची प्लास्टिकची नळी घरच्या धुळीच्या फडक्याने मोडली. दुसऱ्या मिगला सुयांची नळी होती. तिला काही झालं नाही, फडकं फाटलं, आणि पेटी दुसऱ्याच दिवशी आली.